एक जादा स्लॉट

१

साडेसात वाजले की हेनिंग बुरस्ट्रोम तूवाच्या खोलीतला काळा पडदा खाली ओढायचा. जून महिना, त्यात स्वीडनचा उत्तरेकडचा भाग; तिथल्या सूर्याला उन्हाळ्यात मावळायचाच कंटाळा. पडद्याच्या कडांनी ऊन आत येतच राहायचं. अशा उजेडात सहा वर्षांच्या पोरीला आता झोपायची वेळ झाली हे पटवणं म्हणजे भरदुपारी चांदणं विकायला बसण्यासारखं होतं.

पूर्वी हे पटवायचं काम दीसाकडे होतं. दीसा म्हणजे हेनिंगची बायको. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. जायच्या आधी उमेओ शहरातल्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिने एका छोट्या रेकॉर्डरवर तूवासाठी अकरा गोष्टी बोलून ठेवल्या. सगळ्या एका आळशी अस्वलाच्या, जे हिवाळा संपला तरी उठायचं नाव घेत नाही. गोष्ट सांगता सांगता ती मध्येच प्रश्न विचारायची आणि उत्तरापुरती जागा सोडायची. चार-पाच सेकंद नुसती शांतता, मागे हॉस्पिटलच्या कुठल्याशा यंत्राची बारीक घरघर. तूवा रोज संध्याकाळी उशीवर गाल टेकून त्या जागा भरायची. अस्वलाने काय खाल्लं? लाल बोरं. दार कुणी वाजवलं? सशाने.

शेवटचा प्रश्न मात्र अकराही गोष्टींत एकच.

"आणि पलीकडच्या खोलीत कोण घोरतंय?"

"पप्पा," तूवा म्हणायची.

"मग काही भीती नाही. झोप आता," दीसा म्हणायची, आणि तूवा खरंच झोपायची.

हेनिंग दाराशी उभा राहून हे रोज ऐकायचा. आपण घोरतो हे त्याने आयुष्यात कबूल केलं नव्हतं. पण त्या आठ महिन्यांत त्या प्रश्नाची तो दिवसभर वाट बघायचा. घरात तिघं जण असल्यासारखं तेवढ्यापुरतं वाटायचं.

मे महिन्यात त्याने त्या अकराही गोष्टी स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या.

२

हेनिंग गावच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. हात कुशल, डोकं सावकाश. कॉम्प्युटर त्याला दीसाच्या भावाने, सिक्स्टेनने, जुळवून दिला होता. 'उत्तरेचा अड्डा' नावाच्या ठिकाणी कसं जायचं हेही त्यानेच शिकवलं. अड्डा म्हणजे शे-दोनशे माणसांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. प्रत्येकाने आपल्याकडचं काहीतरी मांडून ठेवायचं आणि दुसऱ्याकडचं हवं ते उतरवून घ्यायचं. हेनिंगला जुन्या डान्स-बँडची गाणी हवी असत. पण अड्ड्याच्या दाराशी नियम होता, वीस जीबी माल मांडल्याशिवाय आत प्रवेश नाही. हेनिंगकडे होती जेमतेम चार जीबीची गाणी. मग त्याने काय करावं? सेटिंगमध्ये जाऊन अख्ख्या डी डिस्कवर टिचकी मारली. शाळेचे कागद, फोटो, सगळ्यासकट.

"अरे, लोक एखादा फोल्डर मांडतात," सिक्स्टेन तेव्हा हसला होता. "तू अख्खं घर चव्हाट्यावर मांडलंस. उद्या कुणीतरी तुझं विजेचं बिल उतरवून घेईल."

"घेऊ दे की. भरणार असेल तर खुशाल घेऊ दे."

"तसं काही बिघडत नाही म्हणा. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिला काही विझत नाही. कॉपीचं तसंच असतं."

पुढे दीसाच्या गोष्टी आल्या, त्याही डी डिस्कवरच गेल्या. मे महिन्यात अड्ड्याने हद्द वाढवली, विसाची चाळीस केली. हेनिंगने मोठी डिस्क आणली, ती जोडली आणि वापरण्याआधी कोरी करायला घेतली. कोरी केली ती जुनी. अड्ड्यावरच्या माणसांखेरीज असली चूक कुणाच्या हातून होणार? दाराशी दाखवायचा माल वाढवायच्या नादात घरातली लक्ष्मीच बाहेर गेली. हॉस्पिटलचा रेकॉर्डर केव्हाच परत गेला होता, त्यावर आणखी कुणी काय काय बोललं असेल कोण जाणे.

तूवाला त्याने सांगितलं की कॉम्प्युटर आजारी आहे. तूवाने मान डोलावली. तिच्या ओळखीत जो आजारी पडला तो परत आला नव्हता. त्या संध्याकाळपासून ती झोपेनाशी झाली. रडायची नाही, हट्ट करायची नाही. पडद्याच्या फटीतल्या उन्हाकडे बघत बसून राहायची. तीन आठवड्यांत पोरीच्या डोळ्यांखाली म्हाताऱ्या बाईसारखी वर्तुळं आली, आणि हेनिंगला स्वतःचा तिटकारा आला.

शाळेला सुट्टी लागली त्या सकाळी तो सहज अड्ड्यावर गेला. शोधायच्या चौकटीत त्याने त्या फायलींचं नाव टाकलं, 'तूवासाठी'. काही मिळेल असं त्याला वाटत नव्हतं. जखमेवरची खपली काढावी तसं टाकलं इतकंच.

अकरा ओळी आल्या. 'तूवासाठी १' पासून 'तूवासाठी ११' पर्यंत. अकराही एकाच माणसाकडे. त्या माणसाने अड्ड्यावर नाव घेतलं होतं 'घरी'.

३

हेनिंगने फाइल मागितली. जोडणी होईना. त्याने सिक्स्टेनला फोन लावला, आणि मग मेच्या चुकीची कबुली द्यावीच लागली. तोवर त्याने ती त्याच्यापासूनही लपवली होती.

"तुला शिव्या घालू का?" सिक्स्टेनने विचारलं.

"घाल."

"नंतर घालतो. आधी त्या अकरा परत आण. काय म्हणतोय प्रोग्रॅम?"

"दोघंही पॅसिव्ह आहात, म्हणतोय. जोडता येत नाही."

"बरोबर आहे. तुम्ही दोघं आपापल्या घरात कडी लावून बसलायत आणि आतून एकमेकांना म्हणताय, ये ना, ये ना. कुणीतरी एकाने दार उघडायला पाहिजे. तो उघडत नसेल तर तू उघड."

मग सिक्स्टेन सांगत गेला आणि हेनिंग करत गेला. राउटरचं पान उघडलं. पोर्टच्या रकान्यात चौदाशे बारा लिहिलं. त्यापुढे आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता. मग प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पॅसिव्हवरचा ठिपका काढून ॲक्टिव्हवर ठेवला आणि तिथेही चौदाशे बारा लिहिलं. सुताराच्या सवयीने त्याने आकडा दोनदा तपासला.

"यातून भलतंसलतं कुणी आत नाही ना येणार?"

"चौदाशे बारा नंबरचं एवढंसं भोक आहे ते. त्यातून फायली जातात-येतात. माणूस आत यायला जागा कुठाय?"

हेनिंगने 'ठीक' दाबलं, आणि त्याच क्षणी जोडणी झाली. त्याने फाइल मागायच्या आधीच. जणू कुणीतरी दाराबाहेर हात उगारून उभं होतं आणि कडी निघायचीच वाट बघत होतं. कामाच्या भरात हेनिंगच्या ते ध्यानात राहिलं नाही.

सेकंदाला चार केबी अशा गोगलगायीच्या चालीने पहिली फाइल उतरू लागली. दीड तास तो खुर्चीवरून हलला नाही. नदीवरून लाकडाच्या वखारीचा भुसा मिसळलेला वारा येत होता, खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. शंभर टक्के झाल्यावर त्याने ऐकलं, आणि दीसा म्हणाली, "तूवा, तुझं ते अस्वल अजून उठलंच नाही गं."

हेनिंग टेबलावर डोकं ठेवून रडला.

४

त्या संध्याकाळी तूवाने सगळ्या जागा भरल्या. पहिल्या उत्तराला तिचा आवाज चिरकला, तीन आठवडे न वाजवलेल्या पेटीसारखा, मग सरळ झाला. 'पप्पा'पाशी तर ती हसली. तिला पांघरूण घालून हेनिंग उठला.

"मम्माच्या मागे आपलं घड्याळ वाजतंय," ती झोपेतून म्हणाली.

"हॉस्पिटलमध्ये पण घड्याळ असतंच की."

"नाही. आपलंच आहे. ते मध्येच लंगडतं ना."

हेनिंगने पुन्हा ऐकलं. दीसाच्या आवाजामागे, जिथे यंत्राची घरघर असायची तिथे, एक भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. दर सातव्या ठोक्याला जरा अडखळत होतं. खालच्या पॅसेजमधलं लंबकाचं घड्याळ, दीसाच्या आजोबांचं, नेमकं असंच अडखळायचं. आपण पूर्वी कधी लक्ष देऊन ऐकलं नसेल, त्याने स्वतःला समजावलं. कुणीतरी रेकॉर्डर आठवडाभर घरी आणला असेल. शोकात असलेल्या माणसाच्या कानांचा काय भरवसा?

तो खाली पॅसेजमध्ये गेला. घड्याळ चालू होतं. लंबक इकडून तिकडे, तिकडून इकडे डोलत होता. आवाज मात्र नव्हता. त्याने काचेला कान लावला. मग लाकडावर हात ठेवला. प्रत्येक ठोका तळहाताला व्यवस्थित लागत होता, सातवा लंगडत होता, आणि कानाला काही म्हणता काही येत नव्हतं.

तो वर आला. प्रोग्रॅमच्या खालच्या चौकटीत, जिथे आपण काय घेतोय आणि लोक आपल्याकडून काय घेताहेत ते दिसतं, तिथे एक पुरी झालेली ओळ होती. 'घरी'ने त्याच्याकडून एक फाइल नेली होती. फाइलचं नाव 'पॅसेज'.

'पॅसेज' नावाची फाइल त्याने कधी केली नव्हती. त्याने डिस्क धुंडाळली, स्वतःच मांडलेल्या मालाची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा जमवलेली गाणी, हद्द भरायला टाकलेल्या हॉकीच्या मॅचेस, शाळेचं वेळापत्रक. 'पॅसेज' कुठेही नव्हती.

घड्याळाला तेल हवं असेल, असं ठरवून तो झोपला.

५

पुढचे दिवस मोठे विचित्र गेले. विचित्र आणि, खरं सांगायचं तर, सुखाचे. न मावळणाऱ्या उन्हात वार कुठला हेही कळेना. सकाळी एक गोष्ट उतरायची, संध्याकाळी तूवा ती ऐकून झोपायची. पोरीच्या डोळ्यांखालची वर्तुळं फिकी झाली. तिने सायकल बाहेर काढली, गुडघा फोडून घेतला, आणि हेनिंगला त्या फुटलेल्या गुडघ्याचंही कौतुक वाटलं.

आणि रोज खालच्या चौकटीत एक ओळ वाढायची. 'जिना.' 'स्वयंपाकघर.' 'मागचं दार.'

जिन्याची चौथी पायरी करकरायची थांबली. कॉफीचं भांडं उकळायचं तेव्हा त्यात बुडबुडे यायचे, झाकण थरथरायचं, पण सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. गोष्टींमध्ये मात्र वर्दळ वाढत होती. पाचव्या गोष्टीत दीसामागे कॉफी उकळत होती. सहाव्या गोष्टीत कुणीतरी चौथ्या पायरीवर पाय दिला, आणि दीसा वाक्याच्या मध्येच थांबली, ऐकल्यासारखी. मग पुढे बोलू लागली. तिचा आवाजही आता पहिल्यासारखा धाप लागलेला नव्हता. अंगात थोडं बळ आल्यासारखा, आपल्या घरात आपल्या खुर्चीवर बसून बोलल्यासारखा.

हेनिंगने हातपाय हलवले नाहीत असं नाही. त्याने सेटिंगमध्ये जाऊन अपलोडचा वेग सेकंदाला एक केबीवर आणला. पलीकडून येणारी गोष्टही लगेच एक केबीवर आली. त्याने द्यायचे स्लॉट, म्हणजे एका वेळी किती जणांना माल द्यायचा तो आकडा, तीनाचा शून्य केला. मिनिटभरात अड्ड्याच्या राखणदाराने त्याला बाहेर काढलं. राखणदार म्हणजे कुणी माणूस नव्हे, नियम बघणारा प्रोग्रॅम. 'नुसतं घेणाऱ्यांना इथे जागा नाही. किमान तीन स्लॉट.' हेनिंगने मुकाट्याने तीन स्लॉट उघडले आणि परत आत गेला. घेतो त्याने द्यावं, हे त्याला मनातून पटायचंही. आणि शेवटी कॉपीच तर होती. पहिला दिवा काही विझत नाही.

शनिवारी सिक्स्टेन जेवायला आला. येताना बटाट्याच्या पिठाचे, आत डुकराचं मांस भरलेले गोळे पातेलंभर घेऊन आला, लोण्यासकट. तिघांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. तूवाने मामाला सायकल दाखवली, गुडघा दाखवला, गोष्टीतलं अस्वल कसं जांभई देतं ते करून दाखवलं. सिक्स्टेनने तोंड फिरवून डोळे पुसले. मग तो हात धुवायला वर गेला आणि खाली येताना जिन्यात थांबला.

"शेवटी दुरुस्त केलीस म्हणायची ही पायरी. सुताराच्याच घरातली पायरी करकरते म्हणून दीसा किती टोमणे मारायची तुला."

इतके दिवस हेनिंग सगळं आपल्या कानांवर ढकलत होता. सिक्स्टेनचे कान ठणठणीत होते.

"हो," हेनिंग म्हणाला. "एक खिळा मारला."

"आणि घड्याळ का बंद ठेवलंयस?"

"तेल द्यायचंय."

खरं सांगितलं असतं तर सिक्स्टेनने तिथल्या तिथे वायर उपटली असती. आणि अजून तीन गोष्टी यायच्या राहिल्या होत्या.

६

अकरावी गोष्ट सगळ्यांत लहान. ती बोलली तेव्हा दीसाच्यात फारसं त्राण उरलं नव्हतं. मंगळवारी सकाळी हेनिंगने ती मागितली, आणि पलीकडून पहिल्यांदाच निरोप आला. निरोपाची छोटी चौकट उघडली, वर नाव 'घरी'.

'एक जादा स्लॉट मिळेल?'

अड्ड्यावर हे कुणीही कुणालाही विचारायचं. रांगेत थांबायचा कंटाळा आलेला माणूस अशी विनंती करतो, आणि ओळखीचा असेल तर लोक देतात. हेनिंगने लिहिलं, 'तू कोण आहेस?'

उत्तर आलं नाही. अकरावी गोष्ट शून्य टक्क्यांवर खिळून बसली होती.

त्याने थोडा वेळ नदीकडे पाहिलं. ऊन पाण्यावर साचून राहिलं होतं. खाली अंगणात झोका हलत होता, तूवा गाणं म्हणत होती, आणि ते गाणं त्याला नीट ऐकू येत होतं. जिना गेला, घड्याळ गेलं, भांडी गेली. घरात आता घेण्यासारखं राहिलंय काय? पाहुण्याला एक गोष्ट अडवून ठेवून आपण काय वाचवणार, असा त्याने विचार केला. 'घरी'च्या नावावर उजवी कळ दाबली आणि यादीतून 'जादा स्लॉट द्या' निवडलं.

अकरावी गोष्ट धावू लागली. चार केबी नाही, चाळीस नाही, चारशे. टक्के भराभर चढले. वीस, पन्नास, ऐंशी. हेनिंग पुढे वाकून बघत होता, आणि म्हणून खालच्या ओळीकडे त्याचं लक्ष उशिरा गेलं. ती ओळ सावकाश चालली होती. दोन टक्के. फाइलचं नाव होतं 'तूवा'.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. झोका उंच जात होता. तूवा मान मागे टाकून गात होती आणि गाणं ऐकू येत होतं.

वायर त्याच्या गुडघ्याजवळ होती. ओढली की संपलं. वरची ओळ शहाण्णववर होती, खालची तीनवर.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे हेनिंगने शाळेतल्या पोरांना कितीदा सांगितलं असेल. वायर त्याच्या मुठीत आली होती. पण वर सत्त्याण्णव झाले होते. दीसाचा शेवटचा आवाज, यानंतर कुठेही तो नाही. शेवटचा प्रश्न गोष्टीच्या अगदी शेवटी असतो, आत्ता ओढली तर नेमका तोच तुटणार. तीन टक्के म्हणजे किती, बारीकसं काहीतरी, एखादा खोकला, एखादा हुंकार. अठ्ठ्याण्णव. खालची ओळ चारवर गेली. अंगणातून गाणं येत होतं. नव्याण्णव. तो थांबला. तो थांबला हे त्याने पुढे कधीही कुणाला सांगितलं नाही. शंभर झाले, आणि त्याने सगळा जोर लावून वायर ओढली. सॉकेटचा तुकडा भिंतीतून निघून हातात आला.

खालची ओळ पाच टक्क्यांवर गोठली.

तो जिना उतरून धावला. त्याच्या पावलांचा आवाज झाला नाही. मागच्या दाराचा आवाज झाला नाही.

"तूवा, काहीतरी बोल."

तूवाने पाय घासून झोका थांबवला आणि बापाकडे संशयाने पाहिलं. "काय बोलू?"

"काहीही. बोलत राहा."

"मला भूक लागलीये. झोक्याची दोरी टोचते. तू रडतोयस का?"

तो तिला छातीशी धरून गवतात बसला. तिने सायकलवर बोलून दाखवलं, मामावर, अस्वलावर, शेजारच्या मांजरीवर. एकही शब्द कुठे कमी नव्हता. हसली, शिंकली, चावा घेईन म्हणून गुरगुरली. हेनिंगने सगळं कान टवकारून ऐकलं, मजुराने पगाराच्या नोटा उजेडात धरून बघाव्यात तसं, आणि सगळं खरं निघालं.

७

त्या संध्याकाळी त्याने काळा पडदा ओढला. राउटर त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, चौदाशे बारा नंबरचं भोक आता कुठेच नव्हतं. अकरावी गोष्ट कॉम्प्युटरवर होती. लावावी की नाही याचा त्याने जेवताना विचार केला होता. पण तूवा उशीवर गाल टेकून वाट बघत होती.

दीसा बोलू लागली. आवाज थकलेला नव्हता. तिच्यामागे घड्याळ लंगडत चाललं होतं, कॉफी उकळत होती, उघड्या मागच्या दारातून वारा येत होता. घर भरलेलं होतं. हेनिंग दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला. आपल्या घरापेक्षा ते घर जास्त घर वाटत होतं, आणि तिथे जावंसं वाटलं, हेही खरं.

अस्वल अखेर उठलं. बाहेर आलं. दीसाने विचारलं, त्याला आधी काय दिसलं? "नदी," तूवा म्हणाली. आणि नदीत? "मासा."

"आणि पलीकडच्या खोलीत कोण घोरतंय?"

तूवा हसली. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. पलंगाकडून काहीच आवाज आला नाही.

"पप्पा," स्पीकरमधून तूवाचा आवाज म्हणाला.

"मग काही भीती नाही," दीसा म्हणाली. "झोप आता."

तूवाला काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन श्वासांत ती झोपली. हेनिंगने पुढे होऊन स्पीकर बंद केला. त्याने स्वतःला बजावलं की पोरगी पुटपुटली असेल. आपले कानच आठवडाभर ताळ्यावर नाहीत, आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठलं तरी जुनं उत्तर मिसळलं असेल. बराच वेळ तो असं काहीबाही बजावत पलंगाशी बसून राहिला.

सकाळी तो खाली कॉफी उकळत होता. बुडबुडे बिनआवाज फुटत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. घोटभर कॉफी पिऊन, पावाला लोणी लावून, वर्तमानपत्राचं एक पान वाचून झाल्यावर त्याने सहज मान वर केली. जिन्याच्या वरच्या टोकाला तूवा उभी होती. रात्रीच्या कपड्यांत, एक पाय दुसऱ्यावर घासत. गुडघ्याची खपली निघून रक्ताचा ओघळ घोट्यापर्यंत आला होता, आणि गाल रडून ओले झाले होते.

"केव्हापासून उभी आहेस गं?"

"मी कितीदा हाका मारल्या तुला," तूवा म्हणाली. "तू आलाच नाहीस."